रोजच्या कामासाठी सायकल निवडताना : आधी साज पाहावा, मग गिअर

जबलपूर : १९०४ मध्ये स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरिया येथील दारूगोळा कारखाना आणि १९६९ चा वाहन कारखाना यांमुळे जबलपूर हे पाळीवर जाणाऱ्या कामगारांचे शहर म्हणून ओळखले गेले. काळी, उंच दांड्याची सायकल हे येथील कामगारवस्त्यांचे जुने वाहन. तिला मडगार्ड, कॅरियर, स्टँड, घंटी, चेनकव्हर, कुलूप आणि डायनॅमोचा दिवा असे. पाळी कोणतीही असो, ऋतू कोणताही असो, ती कामाला सज्ज असे.

आज दुकानात दिसणाऱ्या अनेक आकर्षक सायकलींमध्ये यांतील निम्म्या वस्तूही नसतात. गिअर असतात, जाड टायर असतात; मात्र चिखल अडवण्याची आणि डबा ठेवण्याची सोय नसते. हे साहित्य नंतर वेगळे घेतल्यास स्वस्त वाटलेली सायकल महाग पडते. काही फ्रेमना तर कॅरियर किंवा मडगार्ड बसवण्यासाठी छिद्रेच नसतात. त्यामुळे दोन सायकलींची तुलना करताना सर्व साहित्यासह होणारी एकूण रक्कम मांडणे आवश्यक ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली व त्यांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, हेही या हिशोबात धरावे.

सर्वांत महत्त्वाचा भाग दिव्यांचा. रात्रपाळीहून परतणारा सायकलस्वार मागून येणाऱ्या ट्रकचालकाला दिसतो तो केवळ लाल दिव्यामुळे व परावर्तकांमुळे. परावर्तकांच्या दर्जासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला; तथापि परावर्तक स्वतः प्रकाश देत नाही, त्यामुळे तो दिव्याला पर्याय ठरू शकत नाही. जर्मनीत दिवे, परावर्तक, घंटी आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक कायद्यानेच बंधनकारक आहेत. टायरवर घासून चालणारा डायनॅमो पावसात घसरतो; पुढच्या चाकाच्या आसातील डायनॅमोला ही अडचण येत नाही. बॅटरीचा दिवा घेतल्यास तो नियमित चार्ज करण्याची शिस्त हवी.

ब्रेकचा विचार पावसाळ्याच्या दृष्टीने करावा. पोलादी रिम ओली झाली की रबरी गुटक्यांची पकड बरीच कमी होते आणि सायकल थांबायला अधिक अंतर लागते. ॲल्युमिनियमच्या रिमवर हा दोष कमी आढळतो, तर डिस्क ब्रेकवर ओल्या रिमचा परिणाम होत नाही. पूर्ण चेनकव्हरमुळे चिखल साखळीपर्यंत पोहोचत नाही आणि कपडेही तेलकट होत नाहीत.

गिअरचा क्रम यानंतर येतो. मदनमहालच्या टेकड्यांकडील चढाचा रस्ता रोजचा असेल, तर काही गिअर उपयोगी ठरतात. सपाट रस्त्यावरील पाच-सहा किलोमीटरसाठी साधी एक गिअरची सायकल पुरते. खड्ड्यांच्या रस्त्यासाठी मध्यम रुंदीचे टायर योग्य; डोंगरी सायकलींचे खोल नक्षीचे टायर डांबरावर विनाकारण दम काढतात.

मापही तपासावे. सीटवर बसून टाच सर्वांत खालच्या पॅडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा. सीट याहून खाली असल्यास गुडघ्यांवर ताण येतो.

खरेदीपूर्वी शक्य असल्यास नेहमीच्या सामानासह एक फेरी मारून पाहावी. कॅरियरवर भार असताना हँडल स्थिर राहते का, स्टँडवर सायकल कलंडते का, मडगार्ड खडखडतो का, हे त्या एका फेरीत कळते. गिअरची संख्या मात्र दुकानातच मोजता येते.