पावसात टीव्ही का जातो?



पावसाळ्यात गटाची बैठक भरली, हप्ते आणि व्याजाचं झालं, की एक विषय हमखास निघतो. "ताई, आभाळ भरून आलं की आमचा टीव्ही बंद पडतो. छत्री खराब झाली असेल का?" मग कुणी म्हणतं डबा बदला, कुणी म्हणतं कंपनीवालेच मुद्दाम बंद करतात. मागच्या आषाढात आमच्या एका गटातल्या तीन घरांनी एकाच आठवड्यात मेकॅनिक बोलावला. तिघींनी येण्याजाण्याचे पैसे मोजले. तो पोचेपर्यंत पाऊस उघडला होता आणि तिन्ही घरचे टीव्ही आपोआप सुरू झाले होते. त्यातली एक म्हणाली, "पैसे दिले ते काय ऊन पडायचे?" म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

आपल्या पत्र्यावरची छत्री कुठे बघते, ते आधी समजून घेऊ. ती बघते उपग्रहाकडे. हा उपग्रह जमिनीपासून सुमारे 36,000 किलोमीटर उंच असतो आणि पृथ्वीच्या बरोबरीने फिरतो, म्हणून तो आपल्याला आभाळात एकाच जागी मिळतो. दूरदर्शनची फ्री डिश ज्या जीसॅट-15 उपग्रहावरून येते, तो 2015 साली सोडलेला आहे. आपल्याकडून पाहिलं तर तो आग्नेयेला येतो. गावातल्या छत्र्यांची तोंडं बघा, बहुतेक पूर्व आणि दक्षिणेच्या मधल्या आभाळाकडेच असतात.

एवढ्या लांबून येणारी लहर फार क्षीण झालेली असते. पण वाटेत बहुतेक पोकळीच असल्यामुळे तिला अडवायला कुणी नसतं. अडचण येते ती शेवटच्या पाच-सहा किलोमीटरात, जिथे पाऊस असतो. छत्रीच्या लहरीची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या एका पेराएवढी. पावसाचा मोठा थेंब असतो काही मिलिमीटरचा. लहर आणि थेंब मापाने एकमेकांच्या इतके जवळ आले, की थेंब लहरीचा काही भाग शोषून घेतो आणि काही भलतीकडे उडवून देतो. असे लाखो थेंब वाटेत आले की छत्रीपर्यंत पोचायला फारसं काही उरत नाही.

म्हणूनच श्रावणातली दिवसभराची भुरभुर टीव्ही बंद करत नाही. नुसत्या ढगांनीही सहसा काही बिघडत नाही. पण वळवाच्या टपोऱ्या थेंबांची एक सर आली, की चित्र गेलंच. कधीकधी आपल्या अंगणात पाऊस नसतो आणि टीव्ही मात्र जातो. त्यात नवल नाही. लहर तिरकी येते, तेव्हा आग्नेयेच्या शिवारात पाऊस कोसळत असला तरी पुरे होतं. बायका गमतीने म्हणतात, टीव्ही गेला की वाळवण उचलायचं. सर त्या बाजूने येत असेल तर हा अंदाज बऱ्यापैकी बरोबर निघतो!

आता रेडिओचं बघा. बाहेर धो धो पाऊस असला तरी आमचा आवाज तुमच्यापर्यंत येतोच. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब असते. तिच्यापुढे थेंब म्हणजे बैलापुढे मुंगी.

जुन्या काळी ॲन्टेनाचा टीव्ही असताना चित्र खराब झालं तर मुंग्या यायच्या, पण माणसं दिसायची. आता तसं होत नाही. डिजिटल डब्यात लहरीतल्या चुका दुरुस्त करायची सोय असते. ती चालते तोवर चित्र एकदम स्वच्छ. तिची ताकद संपली, की चित्राचे चौकोनी तुकडे होतात, माणूस तोंड उघडं ठेवून थिजतो, आणि पडद्यावर 'नो सिग्नल' येतं. म्हणून आपल्याला वाटतं, आत्ता तर छान चालला होता, एकदम काय झालं? खरं तर सिग्नल हळूहळूच उतरत असतो, फक्त आपल्याला दिसत नाही.

मग बिघाड आहे की नुसता पाऊस, हे ओळखायचं कसं? जोराची सर ओसरल्यावर थोड्या वेळात चित्र आपोआप आलं, तर काही बिघडलेलं नाही. कुणाला बोलावू नका, डब्याची सेटिंगही बदलू नका. घाबरून बटणं दाबत राहिलं तर चॅनल पुसले जातात आणि मग खरोखरच मेकॅनिक लागतो. पैसे भरायची जोडणी असेल तर पडद्यावरचा मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्या. रिचार्ज संपल्याचा संदेश वेगळा असतो.

पण साध्या रिमझिमीतही टीव्ही जात असेल, तर छत्री आधीपासूनच काठावर चालते आहे असं समजा. याला एक सोपा उपाय आहे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी डब्याच्या मेनूत जाऊन 'सिग्नल क्वालिटी'चा आकडा बघा आणि कागदावर लिहून डब्याच्या पाठीला चिकटवा. पुढे कधी उन्हातच तो आकडा बराच उतरलेला दिसला, तर दोष पावसाचा नाही. वाऱ्याने छत्री हलली असेल. नटबोल्ट ढिले झाले की बोटभर सरकणंही पुष्कळ होतं. छत्रीसमोर शेवग्याची नाहीतर आंब्याची फांदी वाढली असेल, तर ओला पाला लहर चांगलीच अडवतो. छत्रीसमोरच्या दांडीवर जो छोटा डबा असतो, त्याला एलएनबी म्हणतात. त्याचं टोपण तडकून आत पाणी गेलं असेल, किंवा वायरीच्या टोकाचा जोड गंजला असेल. काहीजणी त्या एलएनबीला प्लास्टिकची पिशवी बांधतात. पिशवीवर पाणी साचलं की फायद्यापेक्षा तोटाच जास्त, त्यापेक्षा तडकलेलं टोपण बदललेलं बरं.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी दोन फुटांऐवजी तीन फुटांची छत्री लावली तर फरक पडतो, कारण ती सव्वादोन पट जास्त लहर गोळा करते. तरीही मुसळधार पावसात कधीतरी ती जाणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाऊस चालू असताना कुणालाही पत्र्यावर चढू देऊ नका. "जरा हलवून येतो" म्हणत पोरगा चढतो, आणि घरातूनच आपण ओरडतो, "आलं, आलं, गेलं!" ओला पत्रा निसरडा असतो, सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली फुटतो, आणि अनेक घरांवरून विजेची तार हाताच्या अंतरावर गेलेली असते. शिवाय भर सरीत छत्री फिरवली तर चांगली बसलेली जागाही हातची जाते. एका मालिकेपायी मांडीचं हाड मोडून घेतलेला मुलगा आमच्या एका गटातल्या ताईंच्या घरी आहे. दवाखान्यासाठी त्यांनी गटातून कर्ज घेतलं, ते अजून फिटतंय.

विजांचं त्याहून जपा. आपल्याकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त पडतात. आभाळ अंधारून येताच, वीज जवळ पोचण्याआधी, टीव्ही आणि डब्याचे प्लग बोर्डातून काढा आणि छत्रीची वायर डब्यापासून सोडवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तितके किलोमीटर वीज लांब आहे. तीसच्या आत आवाज आला तर वायरीला हात न लावता घरात थांबा. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाईलवर असेल तर आसपासच्या विजेची सूचना आधी मिळते. आणि वादळाची खबर नेमकी टीव्ही गेलेला असताना लागते, तेव्हा सेलवरचा एक छोटा रेडिओ घरात असू द्या.

मृगाआधी आपण घर शाकारतो, तेव्हाच छत्रीचंही उरकून घ्यायचं. आमच्या गटांनी यंदा वाडीतली आठ-दहा घरं मिळून एकाच दिवशी मेकॅनिक बोलवायचं ठरवलं आहे, म्हणजे येण्याजाण्याचे पैसे वाटले जातील. त्याला काम सुरू करण्याआधीचा आणि नंतरचा क्वालिटीचा आकडा दाखवायला लावा, आणि दोन्ही लिहून घेतल्यावरच पैसे द्या.