वारा, विवर आणि खालचा तलाव

स्थानिक अक्षय स्रोतांवर आधारलेली एकात्मिक ऊर्जाव्यवस्था म्हणजे विजेची निर्मिती, साठवण आणि वापर या तिन्ही अंगांचा एकत्र विचार करून, त्या भूभागाच्या निसर्गाला अनुसरून केलेली रचना होय. केवळ पवनचक्क्या उभारल्याने ती सिद्ध होत नाही, कारण वारा मागणीची वेळ पाळत नाही. तो पडल्यावर काय, याचे उत्तर आराखड्यातच असावे लागते. स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातील एल येरो या सुमारे ११ हजार वस्तीच्या ज्वालामुखीजन्य बेटावर हे उत्तर कसे शोधले गेले, हे पाहण्यासारखे आहे.

या बेटाची वीजवाहिनी बाहेरच्या कोणत्याही जाळ्याला जोडलेली नसल्याने अनेक वर्षे तेथील वीज बोटीने आणलेल्या डिझेलवर तयार होत असे. मात्र निसर्गाने बेटाला व्यापारी वारे आणि समुद्रातून थेट वर चढत गेलेले डोंगर या दोन गोष्टी उदारपणे दिल्या होत्या. त्यांची सांगड घालून २०१४ मध्ये ‘गोरोना देल व्हिएन्तो’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यातील पाच पवनचक्क्यांची क्षमता ११.५ मेगावॅट आहे. वारा भरपूर असताना उरणाऱ्या विजेवर पंप चालवून खालच्या तलावातील पाणी त्याहून सुमारे ६५० मीटर उंचावरील, जुन्या ज्वालामुखीच्या विवरात बांधलेल्या तलावात चढवले जाते आणि वारा पडला की तेच पाणी खाली सोडून जलविद्युत निर्माण केली जाते. महाराष्ट्रात घाटघर येथे याच तत्त्वावरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की घाटघरच्या पाठीशी राज्याचे विस्तीर्ण वीजजाळे उभे असते, तर एल येरोला स्वतःचा तोल स्वतःच सांभाळावा लागतो.

हा तोल म्हणजे प्रामुख्याने वारंवारितेचा प्रश्न. प्रत्यावर्ती विजेची वारंवारिता सेकंदाला ५० आवर्तनांच्या आसपास स्थिर ठेवावी लागते, पण वाऱ्याच्या एका झोताने वा खंडाने छोट्या जाळ्यात ती चटकन ढळते. म्हणून येथे पुष्कळदा पंप आणि जलजनित्रे एकाच वेळी चालवली जातात. वरवर हा अपव्यय वाटला, तरी क्षणाक्षणाच्या चढउतारांना आवर घालण्याची शक्ती त्यातूनच मिळते.

खरी मर्यादा मात्र अन्यत्र आहे. वरच्या तलावात ३ लाख ८० हजार घनमीटर पाणी मावत असले, तरी खालच्या तलावाची धारणा १ लाख ५० हजार घनमीटरच असल्याने एका आवर्तनात तेवढेच पाणी फिरू शकते. इतक्या पाण्यातून सुमारे सव्वादोन लाख युनिट वीज मिळेल. बेटाची सरासरी मागणी ५ मेगावॅटच्या जवळपास धरली, तर ही साठवण जेमतेम दोन दिवस पुरते. त्यामुळेच २०१९ च्या उन्हाळ्यात व्यापारी वारे जोरात असताना सलग २४ दिवस डिझेलविना वीज पुरवणाऱ्या या बेटाला वर्षाच्या हिशेबात निम्म्याहून थोडी अधिक गरजच अक्षय स्रोतांतून भागवता आली. वाऱ्याच्या मंद काळात जुने डिझेल केंद्र आजही कामास येते. याला अपयश म्हणणे अन्यायाचे होईल, परंतु साठवणीचे माप सरासरी वाऱ्यावरून नव्हे, तर सर्वांत लांब शांत काळावरून ठरवावे लागते, हा धडा त्यातून स्पष्टपणे मिळतो.

बेटावर गोड्या पाण्याची टंचाई असल्याने समुद्राचे पाणी निःक्षार करणारी संयंत्रेही याच रचनेत गुंफली आहेत. विजेचा दिवा हवा तेव्हाच लागला पाहिजे, पण निःक्षारीकरण काही तास पुढे ढकलता येते, कारण तयार पाणी टाकीत साठते. म्हणून ज्या तासांत वीज उरते, ते तास या कामाला देता येतात. शेतीचे उपसा पंप, शीतगृहे, वाहनांचे चार्जिंग अशी वेळ सोसणारी कामे कोणती, याची यादी करून मगच साठवणीचा आकार ठरवला, तर तुलनेने लहान तलावावरही अधिक काळ निभावता येते.