पिल्लं दाणा का टाकतात? भूक ठरते मेंदूत

वसई : हॅचरीतून आणलेली पिल्लं दाण्याला तोंड लावत नाहीत, कोपऱ्यात गोळा होऊन बसतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मरायला लागतात. घरामागे कोंबड्या पाळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. दोष बहुतेक वेळा खाद्याला दिला जातो. पण पिल्लाची भूक फक्त पोटावर नाही, मेंदूवरही चालते.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग असतो. तिथून भुकेचे रासायनिक निरोप सुटतात. ‘न्यूरोपेप्टाइड वाय’ वाढलं की पिल्लू दाणे टिपायला लागतं. ‘सीआरएफ’ वाढलं की खाणं कमी होतं. हे सीआरएफ ताणाच्या वेळी वाढतं. थंडी, उकाडा, गर्दी, लांबचा प्रवास हे सगळं पिल्लासाठी ताणच.

‘घ्रेलिन’ची गोष्ट तर उलटीच. माणसात ते भूक वाढवतं, पण प्रयोगात पिल्लांच्या मेंदूत टोचलं तेव्हा त्यांचं खाणं कमी झालं. त्यामुळे माणसाचं भुकेचं औषध पिल्लांना देऊन उपयोग नाही.

मग चौथा दिवसच का? अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात थोडा पिवळा बलक शिल्लक असतो. तो दोन-तीन दिवस पुरतो. तोवर पिल्लू खायला शिकलं नाही, तर पुढे ताकदच उरत नाही.

काय करायचं?

• पिल्लं येण्याआधीच बल्ब लावून जागा गरम करा. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश, नंतर दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी.
• पिल्लं बल्बखाली दाटली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर उकडतंय.
• आधी पाणी द्या. मग तुसावर कागद अंथरून त्यावर दाणा पसरा. बोटाने टकटक केलं की पिल्लं बघून टिपतात. खुडुक कोंबडी चोचीने हेच शिकवते.
• दुसऱ्या दिवशी मानेखालची दाण्याची पिशवी चाचपा. भरलेली आणि मऊ हवी. रिकामी असेल तर त्या पिल्लाची चोच पाण्यात बुडवून त्याला दाण्याजवळ सोडा.

ऊब, पाणी नीट असूनही पिल्लं खात नसतील, तर आजाराची शंका घ्या. फेब्रुवारी 2022 मध्ये वसई-विरार भागात बर्ड फ्लू आढळला होता. एकाच वेळी बरीच पिल्लं मेली तर ती उघड्यावर फेकू नका, विकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 वर फोन करा.