अदृश्य विमान आणि दृश्य खर्च

२७ मार्च १९९९ रोजी सर्बियात अमेरिकेचे एफ-११७ हे 'अदृश्य' विमान पाडण्यात आले. ज्या एस-१२५ जातीच्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने ते पाडले, ते १९६० च्या दशकाच्या आरंभी सेवेत आलेले, म्हणजे जवळजवळ कालबाह्य मानले गेलेले होते. या एका घटनेवरून सारे तंत्र निरुपयोगी ठरविणे अन्यायाचे होईल. १९९१ च्या आखाती युद्धात बगदादवर मारा करूनही असे एकही विमान गमावले गेले नव्हते. तथापि, या अदृश्यतेचे मोल काय, हा प्रश्न मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही.

मुळात असे विमान अदृश्य नसतेच; ते रडारला उशिरा दिसते, इतकेच. रडारने सोडलेल्या लहरी विमानावर आपटून परत येतात. त्या परत न जाता भलतीकडेच वळाव्यात, अशा बेताने विमानाचे पृष्ठभाग योजले जातात, शस्त्रे पोटात दडविली जातात आणि अंगावर लहरी शोषणारा लेप दिला जातो. या गणिताचा पाया सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव यांनी १९६२ मध्ये घातला. त्याचे चीज मात्र अमेरिकेतील लॉकहीड कंपनीने केले. त्या काळच्या संगणकांना वक्र पृष्ठभागांचे गणित झेपत नव्हते, म्हणून १९८१ मध्ये प्रथम उडालेले एफ-११७ हिऱ्याला पैलू पाडावेत तसे सपाट फळ्यांचे झाले.

निसर्गाचा नियम येथे मोठा कठोर आहे. रडारला विमान दिसण्याचे अंतर निम्म्यावर आणावयाचे, तर परावर्तन सोळाव्या हिश्शावर आणावे लागते. अंतर दहाव्या हिश्शावर आणावयाचे, तर परावर्तन दहा हजाराव्या हिश्शावर! एकाच शेतात खताच्या मात्रा वाढवीत गेल्यास प्रत्येक पुढील मात्रेचे पीक कमी येते, हा घटत्या फलाचा नियम आम्ही वर्गात शिकवितो. त्याचे याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण.

त्याचा परिणाम हिशेबाच्या वहीत उतरला. बी-२ बाँबफेकी विमाने १३२ बांधावयाची होती; शीतयुद्ध संपले, खर्च डोईजड झाला आणि प्रत्यक्षात २१ च बांधली गेली. संशोधनाचा प्रचंड स्थिर खर्च या मोजक्या विमानांवर विभागला गेल्याने एकेकाची किंमत दोनशे कोटी डॉलरांवर गेली. संख्या घटली की किंमत वाढते, किंमत वाढली की संख्या आणखी घटते, असे हे दुष्टचक्र आहे.

हा प्रश्न आता परक्यांचा राहिलेला नाही. मार्च २०२४ मध्ये भारत सरकारने 'ॲम्का' या स्वदेशी विमानाचा आराखडा व नमुने यांसाठी सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर केले. चीनकडे जे-२० सारखी विमाने असताना हा निर्णय अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु नमुन्यांचा खर्च ही केवळ सुरुवात असते. विमाने किती घेणार, त्यांच्या लेपांची व निवाऱ्यांची निगा आयुष्यभर किती पैसा खाणार आणि तेवढ्याच पैशात क्षेपणास्त्रे व रडार किती आली असती, हा तौलनिक हिशेब संसदेपुढे वेळेवर यावयास हवा.

गुप्ततेची सबब येथे पुरेशी नाही. बी-२ चे लेप ओलाव्याने व उष्णतेने बिघडतात, असे अमेरिकी संसदेच्याच लेखापरीक्षकांनी १९९७ मध्ये उघड अहवालात नमूद केले. तेवढ्याने त्या विमानाचे रहस्य शत्रूच्या हाती पडले नाही. विमान शत्रूच्या रडारला दिसू नये, हे योग्यच आहे. त्याचा खर्च मात्र ज्याच्या खिशातून जातो, त्या करदात्याला स्वच्छ दिसलाच पाहिजे.