रोजेदाराचा रक्तदाब आणि हृदयाचा निरोप

मगरिबच्या अजानला अर्धा तास उरला की डहाणूच्या बाजारात खजूर, कलिंगड आणि गरम भज्यांभोवती गर्दी वाढते. तलासरीकडे महामार्गावर वापी-उंबरगावच्या कारखान्यांतून परतणारा रोजेदार कामगार गाडीतच खजुराची पुडी काढून ठेवतो. या गर्दीत रक्तदाबाची गोळी रमजानपुरती परस्पर बंद केलेले लोकही असतात. ‘दिवसभर पोटात काही नाही, मग प्रेशर वाढेल कशाने?’ असा त्यांचा हिशेब. तो अर्धाच बरोबर आहे.

सजद्यातून किंवा सूर्यनमस्कारातून माणूस उठतो, तेव्हा रक्त पायांकडे ओढले जाते. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब मोजणारी मज्जातंतूंची टोके आहेत. दाब उतरला की ती मेंदूला कळवतात. मग काही क्षणांत ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात आणि डोळ्यांपुढची अंधारी टळते. ही झाली मज्जासंस्थेची घाईची व्यवस्था. तिच्या जोडीला एक संथ व्यवस्था असते, आणि ती खुद्द हृदय चालवते.

हृदय म्हणजे निव्वळ पंप, असे शतकानुशतके मानले गेले. भारतीय शास्त्रज्ञ अवतारसिंग पेंटल यांनी 1953 मध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या, म्हणजे कर्णिकांतल्या, मज्जातंतूंवर संशोधन प्रसिद्ध केले. त्यांतले काही तंतू कप्पा रक्ताने भरताना संदेश पाठवतात, हे त्यांनी दाखवले. शरीरात रक्त किती साठले आहे, याची वर्दी मेंदूला अशी मिळते. पुढे 1981 मध्ये कॅनडातील अडोल्फो डी बोल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. लघवीतून जाणारे मीठ 30 पटींहून जास्त वाढले, लघवी सुमारे 10 पट झाली आणि रक्तदाब उतरला. त्या अर्कातले संप्रेरक आज एएनपी या नावाने ओळखले जाते. त्याचे भावंड बीएनपी 1988 मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून त्याच्या नावात मेंदू आला. प्रत्यक्षात ते मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येते. नाव एकदा पडले की सुटत नाही!

रक्त वाढून कर्णिका ताणल्या की एएनपी सुटते. ते मूत्रपिंडांकडून मीठ-पाणी बाहेर टाकून घेते, रक्तवाहिन्या सैल करते आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंचा जोर कमी करते. एरवी दाब उतरताच मज्जासंस्था ठोके वाढवायला धावते. एएनपी त्या धावण्याला आवर घालते. तहान आणि मिठाची ओढही त्याने घटते. खाडीत गळ्याएवढ्या पाण्यात बराच वेळ राहिल्यावर लघवीला का लागते, याचे उत्तरही इथेच आहे: पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे सरकते आणि कर्णिका ताणल्या जातात.

रोज्याच्या दिवशी उलट घडते. दुपारनंतर शरीरातले पाणी घटते, कर्णिकांवरचा ताण कमी होतो, एएनपी कमी सुटते. मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि मज्जातंतूंचा जोर वाढतो. म्हणजे दाब आपोआप खाली जात राहत नाही. शरीर तो वर धरून ठेवायला झटते. आणि अशा वेळी इफ्तारला खारट फरसाण, लोणचे, खारवलेली मासळी आणि एका दमात तीन ग्लास सरबत पोटात जाते. निरोगी हृदय हा लोंढा सांभाळते. जुन्या हृदयविकाराच्या रुग्णात मात्र संप्रेरके भरपूर सुटूनही मूत्रपिंडे त्यांना पुरेशी दाद देत नाहीत. पाय सुजतात, रात्री तरावीहला उभे राहताना दम लागतो. एकादशीला खारे वेफर्स आणि साबुदाण्यावर ताव मारणाऱ्यांची गत वेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराच्या मिठाची मर्यादा 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी, सांगितली आहे.

दम लागलेल्या रुग्णाच्या रक्तात बीएनपी किंवा त्याच्या जोडीने सुटणारा घटक मोजून हृदयावर किती ताण आहे, हे आज डॉक्टर पाहतात. ही संप्रेरके शरीरात लवकर मोडू नयेत, अशी तजवीज करणारे औषधही हृदयविकारात वापरले जाते.

गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नसते. ती सहरीला घ्यावी की इफ्तारनंतर, हे डॉक्टर ठरवतात. लघवी वाढवणारी गोळी सहरीला घेतली तर दिवसभरात पाणी आणखी घटते, म्हणून तिची वेळ आणि मात्रा आवर्जून विचारावी. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. ती घेणाऱ्याला घरच्यांनी टोमणे मारू नयेत. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा तलासरीच्या ग्रामीण रुग्णालयात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकून न्यावीत, आणि उठताना अंधारी येत असेल तर तेही न विसरता सांगावे.