सहा शहरांतून फिरलेली आफ्रिका

मंडळी, जत्रेच्या दिवसांत गावात तंबूतला सिनेमा यायचा, तो तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. ट्रकमधून पेट्या उतरायच्या, कनाती उभ्या राहायच्या, आणि जत्रा उलगली की सगळे बिऱ्हाड पुढच्या गावाला. आज अशाच एका फिरत्या बिऱ्हाडाची हकीकत सांगायची आहे. फरक इतकाच, की याच्या पेट्यांत आफ्रिका खंडातील आजच्या कलावंतांची चित्रे, शिल्पे आणि छायाचित्रे होती.

या प्रदर्शनाचे नाव 'आफ्रिका रीमिक्स'. २००४ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरी ते प्रथम मांडले गेले. २००५ मध्ये लंडन आणि पॅरिस, २००६ मध्ये टोकियो आणि स्टॉकहोम, आणि अखेरीस २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग. त्यात ऐंशीहून अधिक कलावंतांच्या कृती होत्या. त्या निवडणारे मुख्य संयोजक सिमॉन न्जामी. आईवडील कॅमेरूनचे, जन्म स्वित्झर्लंडचा.

आता शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. 'आफ्रिका म्हटले की काय आठवते?' असे मुलांना विचारा. सिंह, जिराफ, वाळवंट, दुष्काळ अशी उत्तरे येतील. त्यात मुलांचा दोष नाही, आपण तेवढेच शिकवलेले असते. हा खंड भारताच्या जवळजवळ नऊपट मोठा. त्यात ५४ देश, आणि भाषा दीड-दोन हजार. कैरोचा माणूस आणि केपटाउनचा माणूस यांच्यात जितके अंतर, तितके आपल्यात आणि जपानात आहे. मग या सगळ्यांवर 'आफ्रिकी कला' अशी एकच चिठ्ठी डकवायची कशी?

न्जामी यांनी ही अडचण नावातच मान्य केली. रीमिक्स हा शब्द गाण्याच्या ध्वनिमुद्रणातला. मूळ गाण्याचे सूर आणि ठेके सुटे करून पुन्हा नव्याने मिसळायचे, म्हणजे रीमिक्स. प्रदर्शनाची मांडणीही देशवार नव्हती. अस्मिता आणि इतिहास, देह आणि आत्मा, शहर आणि भूमी असे तीन भाग होते. इजिप्त-मोरोक्कोचे कलावंत सेनेगल-काँगोच्या कलावंतांबरोबर एका छपराखाली आले. एरवी सहारा वाळवंटाच्या उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे हे लोक वेगवेगळ्या खणांत ठेवले जातात.

पण खरी गोष्ट कळते ती एकेका वस्तूजवळ थांबले म्हणजे. त्यांतल्या चारपाच वस्तू आपण पाहू.

पहिली एल अनात्सुई यांची. ते मूळचे घानाचे, आणि १९७५ पासून अनेक वर्षे नायजेरियातील न्सुक्का येथील विद्यापीठात शिकवत होते. दारूच्या बाटल्यांची बुचे आणि त्यांभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ते जमवतात, ठोकून सपाट करतात, दुमडतात आणि तांब्याच्या बारीक तारेने एकमेकींना जोडतात. हजारो तुकडे जोडले की भिंतभर सोनेरी-तांबडे वस्त्र तयार होते. आपल्याकडची आजी जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांतून गोधडी शिवते ना, तसेच हे धातूच्या चिंध्यांचे काम. पण इथे दारूची बुचेच का? तर युरोपचे व्यापारी ज्या वस्तू घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले त्यांत दारू होती, आणि दारूच्या बदल्यात माणसेही विकत घेतली गेली. ही आठवण त्या झगमगाटात शिवलेली आहे. फिरत्या प्रदर्शनाला हे वस्त्र मोठे सोयीचे, कारण त्याची घडी घालता येते. शिवाय चुण्या कशा पाडायच्या ते अनात्सुई टांगणाऱ्यावर सोपवतात, त्यामुळे प्रत्येक मुक्कामी वस्त्र थोडे निराळे दिसते. या प्रदर्शनातले त्यांचे मोठे वस्त्र आज पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रही आहे.

दुसरे कलावंत रोम्युआल आझुमे, बेनिन देशाचे. त्या देशात शेजारच्या नायजेरियातून चोरटे पेट्रोल येते. ते प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून मोटारसायकलीवर लादतात. जास्त पेट्रोल मावावे म्हणून कॅन तापवून फुगवतात. एखादी ठिणगी पडली, तर माणूस गाडीसकट जळतो. असे वापरून फेकलेले कॅन आझुमे घेतात आणि त्यांचे मुखवटे करतात. मूठ म्हणजे नाक, तोंड म्हणजे तोंडच! आफ्रिकेचे लाकडी मुखवटे युरोपच्या संग्रहालयांनी आवडीने जमवले. आझुमे जणू म्हणतात, घ्या, आमचा आजचा मुखवटा हा असा आहे.

तिसरी वस्तू एक खुर्ची. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध झाले. युद्ध थांबले, पण बंदुका घराघरांत आणि शेताशेतांत पुरलेल्या राहिल्या. १९९५ पासून तिथल्या ख्रिस्ती मंडळींनी योजना काढली, की शस्त्र आणून द्या आणि बदल्यात शिवणयंत्र, सायकल, कुदळ असे काही घेऊन जा. जमा झालेली शस्त्रे निकामी करून त्यांतली काही कलावंतांना दिली. गोन्सालो माबुंडा यांनी त्यांच्या नळ्या आणि दस्ते जोडून खुर्च्या घडवल्या. राजाच्या सिंहासनासारख्या दिसतात; पण त्या खुर्चीत बसायचे म्हणजे बंदुकांवर टेकून बसायचे. सत्ता कशावर उभी असते, हे शाळेच्या मुलालाही कळेल असे सांगितले आहे.

चौथे यिन्का शोनिबारे. जन्म लंडनचा, बालपण नायजेरियातील लागोसचे. त्यांनी जुन्या इंग्रजी थाटाचा दिवाणखाना उभा केला, पण भिंतीचा कागद आणि खुर्च्यांचे कापड भडक आफ्रिकी छापाचे. आता मौज बघा. ज्या कापडाला जग आफ्रिकी म्हणते, त्याची नक्षी मुळात जावा बेटावरच्या बाटिकची. डच लोकांनी एकोणिसाव्या शतकात तिची नक्कल यंत्रावर काढली, आणि गिऱ्हाईक मिळाले ते पश्चिम आफ्रिकेत. मग हे कापड कोणाचे? जाव्याचे, डचांचे, की ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या अंगावर मिरवले त्यांचे?

शेवटी काँगोचे बोदिस इसेक किंगेलेझ. हे एके काळी शाळामास्तर होते. पुठ्ठा, रंगीत कागद, वेष्टने आणि बाटल्यांची झाकणे एवढ्या सामग्रीतून त्यांनी स्वप्नातली शहरे रचली. मनोरे, चौक, क्रीडांगणे, सगळे नीटनेटके. त्यांच्या किन्शासा शहरात हाल होते, आणि म्हणूनच कागदावर तरी शहर कसे असावे ते त्यांनी दाखवले. २०१५ साली ते वारले. शिक्षक मंडळी, रिकामी खोकी तुमच्या शाळेतही असतीलच.

आता मनाला टोचणारी गोष्ट. सहा मुक्काम झाले, पण त्यांतला आफ्रिकेतला मुक्काम एकच, तोही शेवटचा. जोहान्सबर्गमधील ज्या कलासंग्रहालयात तो झाला, त्याची इमारत आपली नवी दिल्ली आखणाऱ्या एडविन लट्येन्स यांचीच रचना. ज्या लागोस-मापुतोच्या गल्लीबोळांतून ही सामग्री आली, तिथे प्रदर्शन पोहोचले नाही. असे का व्हावे? मोठ्या प्रदर्शनाला हवापाण्याचा बंदोबस्त असलेल्या इमारती लागतात, विम्याचे पैसे लागतात, प्रत्येक मुक्कामी पेटी उघडून वस्तूला ओरखडा आला का ते टिपून ठेवणारी जाणती माणसे लागतात. हे सारे जिथे पैसा तिथे. म्हणून घरचा माणूस आपली वस्तू शेवटी पाहतो, किंवा पाहतच नाही.

हे दुःख आपल्याला परके नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळच्या पाड्यावर राहणारे जिव्या सोमा म्हशे हे नाव तुम्ही ऐकले असेल. लग्नघरी सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जी चित्रे काढत, ती कला त्यांनी कागदावर नेली. २००३ साली रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचे प्रदर्शन भरले, ते ड्युसेलडॉर्फमध्ये. आणि ज्या संग्रहालयात भरले, तिथूनच पुढच्या वर्षी 'आफ्रिका रीमिक्स' निघाले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ड्युसेलडॉर्फच्या लोकांनी त्यांचे मूळ चित्र समोर उभे राहून पाहिले. आपल्या जिल्ह्यातील किती शाळांच्या वाट्याला ते आले?

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. प्रदर्शन कुठलेही असो, दारावरच्या मोठ्या नावावर विसंबू नका. 'आफ्रिकी कला', 'आदिवासी कला' ही झाली पेटीवरची चिठ्ठी. पेटी उघडून वस्तूपुढे उभे राहा आणि तीन प्रश्न विचारा: ही कशाची केली आहे? ते सामान त्या माणसाच्या हाती कसे आले? आणि ही वस्तू पाहायला कोणाला मिळाली, कोणाला नाही? पहिल्या दोन प्रश्नांतून भूगोल आणि इतिहास आपोआप उलगडतो. तिसरा थोडा अवघड आहे, पण त्याचे उत्तर काही अंशी आपल्या हाती आहे. शाळेच्या व्हरांड्यात दोरी बांधून गावातल्या गोधड्या, टोपल्या, भिंतीवरच्या चित्रांच्या नकला एक दिवस टांगा, आणि ज्यांनी त्या केल्या त्यांना पहिल्या रांगेत बसवा. त्या प्रदर्शनाला विमा नको, पेट्या नकोत. फिरवायचेच म्हटले, तर शेजारच्या गावापर्यंत बैलगाडीसुद्धा पुरेल.