शुक्रवारची पोरं आणि न खपलेलं गाणं

बालमित्रांनो, कधी असं वाटलंय का, की सगळा वर्ग एकीकडे आणि आपण एकटेच दुसरीकडे? मधल्या सुट्टीत डबा खाताना, खेळात गडी निवडताना? वाटलं असेल, तर आजची गोष्ट खास तुमच्यासाठी.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डन नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेत थॉम यॉर्क नावाचा मुलगा होता. जन्मतःच त्याच्या डाव्या डोळ्यात शक्ती नव्हती. सहा वर्षांचा होईपर्यंत डोळ्यावर पाच शस्त्रक्रिया झाल्या, तरी पापणी झुकलेलीच राहिली. मग काय, मुलं चिडवायची! थॉमला आधार मिळाला तो गाण्याचा. शाळेतच त्याला दोस्तही मिळाले: कॉलिन ग्रीनवुड, एड ओब्रायन, फिल सेल्वे. १९८५ च्या सुमारास त्यांनी बँड काढला. सराव शुक्रवारी, म्हणून नाव 'ऑन अ फ्रायडे'! पुढे कॉलिनचा धाकटा भाऊ जॉनीही त्यात आला.

कॉलेजसाठी मुलं पांगली. पण सुट्टी लागली की सराव पुन्हा सुरू. १९९१ च्या अखेरीस ईएमआय कंपनीने त्यांच्याशी करार केला. नाव मात्र कंपनीला पसंत पडेना. मग बँड झाला 'रेडिओहेड'.

सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांचे 'क्रीप' हे सिंगल निघाले. सिंगल म्हणजे एका मुख्य गाण्यासाठी काढलेली छोटी कॅसेट किंवा सीडी. हे गाणे थॉमने कॉलेजात असताना लिहिले होते. आपण विचित्र आहोत, इथे आपली जागाच नाही, असे वाटणाऱ्या मुलाचे हे गाणे.

त्यातली एक गंमत ऐका. जॉनीला चाल फारच मवाळ वाटली. म्हणून ध्रुवपद सुरू होण्याआधी त्याने गिटारवर जोरदार फटके मारले. खर्रक्! खर्रक्! गाणे बिघडवायला मारलेले फटकेच पुढे गाण्याची ओळख ठरले, बरं का!

पण गाणे काही चालेना. 'फारच उदास' म्हणून बीबीसीच्या रेडिओ वनने ते फारसे वाजवले नाही. जेमतेम सहा हजार प्रती खपल्या. संपली गोष्ट? छे! दूर इस्रायलच्या रेडिओवर ते वाजू लागले, मग अमेरिकेत कॅलिफोर्नियात. ठिकठिकाणच्या मुलांना वाटले, 'अरे, हे तर माझंच गाणं!' १९९३ मध्ये इंग्लंडमध्ये ते पुन्हा काढले, तेव्हा थेट सातव्या क्रमांकावर गेले.

(पालकहो, मूळ गाण्यात एक अपशब्द आहे. रेडिओसाठी तो बदललेला आहे. मुलांना तेच गाणे ऐकवावे.)

पाहा हं, 'मी एकटाच वेगळा' हे थॉमने मोठ्याने म्हटले, तेव्हा कळले की असे वाटणारे जगात किती तरी आहेत! आणि हे म्हणण्याचे बळ त्याला कुठून आले? शुक्रवारी न चुकता येणाऱ्या दोस्तांकडून. तेच पाच जण पुढे तीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिले.

तुमच्या वर्गातही कुणीतरी कोपऱ्यात एकटं डबा खात असेल. उद्या मधल्या सुट्टीत आपला डबा घेऊन त्याच्याशेजारी बसाल ना?